मागे ठेवलेले

गुणाबाईनं आपल्या एकुलत्या एका मुलाचा फोन कापला, आणि तोही रागानं नव्हे. दारावर आलेल्या चटईवाल्याला वाटेला लावावं तितक्या सहजपणे. निकेशच्या कानाला ऑफिसचा फोन चिकटलेलाच राहिला. पलीकडे आता काही नव्हतं, तरी त्याला वाटलं की अंगणातल्या कोंबड्या अजून ऐकू येताहेत. तो म्हणाला होता तरी काय? नुकताच बैठकीतून उठला होता, जिभेवर अजून बैठकीचीच भाषा होती, आणि त्या भाषेत तो म्हणाला होता, "नमस्कार. मी निकेश बोलतोय. मला एका महत्त्वाच्या विषयावर बोलायचं होतं."

"कोन निकेश?"

"निकेश. तुमचा... तुझा मुलगा."

मग गुणाबाई म्हणाली, "आमचा निकेश 'मला' नाई म्हनत जी. दुसरं घर पाहा."

आता यात तिची चूक काढायला जागा नव्हती. मुलचेऱ्याजवळच्या त्यांच्या गावात शेजारच्या बंगाली घरातली रीता गल्लीतल्या बायकांना संध्याकाळी फोनचं शिक्षण देई, आणि त्यातला पहिला धडा असा होता की, जो माणूस लई शुद्ध बोलतो, घरातल्या पोराचं नाव घेतो आणि काम महत्त्वाचं आहे म्हणतो, तो ठग. निकेशनं तिन्ही अटी एका दमात पूर्ण केल्या होत्या. शिवाय गावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, लहानपणापासून पाहिलेली नाटकं होतीच. त्यांत कोणी पात्र वाकून 'नमस्कार' म्हणालं की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनाही कळे, हा मध्यंतरानंतर शेताच्या धुऱ्यावरून भांडण लावणार. आणि त्यांच्या घरात तर नमस्कार हा शब्दच नव्हता. आजोबांच्या पिढीपासून जयभीम. जयभीम माय, असं म्हटल्याशिवाय निकेशचा एकही फोन सुरू झालेला नव्हता. आज झाला. तिनं फोन कापला नसता, तर उलट त्यालाच तिची काळजी वाटली असती, असं त्यानं स्वतःला बजावलं. त्यानं समाधान झालं नाही. खिशात त्याचा स्वतःचा मोबाइल होता. त्यावरून लावला असता तर तिच्या फोनवर त्याचं नाव झळकलं असतं आणि ती 'बोल' म्हणाली असती. पण ती ओळख फोनची झाली असती. तिची नव्हे. तो मोबाइल खिशातून काढी, पाही, परत ठेवी; अंगावर पुरळ उठलंय की नाही हे तपासणाऱ्या माणसासारखा.

महत्त्वाचा विषय म्हणजे तिचा आवाज. चंद्रपुरात ज्या ट्रस्टच्या दवाखान्यात निकेश सर्व्हर सांभाळत होता, तिथे सिकलसेलचे रुग्ण येत. आईबापांकडून येणारा आजार; रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, जागोजागी अडकतात, आणि माणूस हाडांतून दुखतो. रोज गोळी घेतली तर बरंच आवरतं. पण दुखत नाही त्या दिवशी गोळी कोण घेतो? म्हणून रोज सकाळी सर्व्हरवरून सगळ्यांना फोन जाई. सुरुवातीला तो फोन म्हणे, कृपया आपण आपली औषधाची गोळी वेळेवर घ्यावी. लोक 'कृपया' ऐकताच कापत. जिवतीकडच्या एका म्हाताऱ्यानं आरोग्यसेविकेला विचारलं, मतदान तं झालं नं आमचं, आता काऊन फोन करता? तेव्हा निकेश कागदावर मजकूर उतरवून गावी गेला आणि आईला वाचायला लावलं. तिनं शाळेतल्यासारखं एक वाक्य वाचलं, मग कागद बाजूला ठेवला. असं कोन बोलते, म्हणाली. मग तिनं विचारलं, बोलायचं कोणाशी आहे. सगळ्यांशी, असं तो म्हणाला. त्यावर ती जरा विचार करून म्हणाली, "सगळ्याईले कसं बोलता येते? एकाले बोलतो मी." आणि त्याच्याकडे पाहून बोलली. तेच त्यानं मोबाइलवर धरलं, तेच सर्व्हरवर चढवलं, आणि तेच रोज सकाळी जंगलातल्या गावागावांत वाजू लागलं. लोक फोन कापेनात. काही तिच्याशी भांडत. ही बाई लई तोडून बोलते पण खरं बोलते, असा अहवाल आरोग्यसेविकांनी दिला. एका घरून तर लग्नाचं आवतन आलं, गोलीवाल्या बाईच्या नावानं. निकेशनं हे सगळं गुणाबाईला हौसेनं सांगितलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, की मग गोल्या घेतात का. घेतात म्हटल्यावर तिनं तांदूळ निवडायला घेतले.

आणि आज सकाळच्या बैठकीत ठरलं होतं की तो आवाज काढायचा. ठरवायला कोणी निघालं नव्हतं, ते वाटेत ठरलं. विषय निकेशनंच मांडला होता: सर्व्हरला कुलूप लावणाऱ्या पॅकेजमध्ये, म्हणजे प्रोग्राममध्ये, भोक सापडलंय, जगभरच्या सगळ्यांच्याच, ते आजच्या आज बदलायला हवं, नाहीतर कोणीही आत शिरून रुग्णांची नावं नेईल. नावं नेणं म्हणजे काय, हे तिथे कोणाला सांगावं लागलं नाही. ज्या मुलीचं नाव त्या सर्व्हरवर आहे हे बाहेर कळेल, तिची सोयरीक मोडेल, आणि तिच्या पाठच्या बहिणीचीही. त्या भागात लोक दवाखान्यात येताना ओळखीच्या माणसाची बस सोडून देत, दुसऱ्या बसनं येत. म्हणून निकेश म्हणाला की कुलपाचं पॅकेज आणि त्याला लागणारं तेवढंच बदलू, बाकीची व्यवस्था आहे तशी राहू देऊ, कारण आवाजाचा प्रोग्राम जुना आहे आणि त्याची नवी आवृत्ती आली तर जुनी रेकॉर्डिंग त्याला वाचता येणार नाही. ट्रस्टचे कार्यवाह वामनराव हे मोठ्या मनाचे गृहस्थ होते. त्यांना कुठलीही गोष्ट अर्धी आवडत नसे. ते म्हणाले, "अर्धवट काम कशाला, निकेश? घर रंगवताना आपण काय एकच भिंत रंगवतो?" बैठकीच्या खोलीची एकच भिंत रंगवलेली होती, मागे पाहुणे आले होते तेव्हाची. सगळे तिच्याकडे तोंड करून बसले होते. मग वामनराव म्हणाले की नव्या आवृत्तीबरोबर तयार आवाज मिळतो, छान आवाज आहे, मृदू. आपला जो आहे तो चांगलाच आहे, पण जरा ग्रामीण वाटतो. ट्रस्टचं सगळं काम ग्रामीण भागात होतं. पण वाटणं ही वेगळी गोष्ट. आणि निकेश, जो त्या आवाजाचा मुलगा होता आणि ज्यानं हे तिथे कोणालाही सांगितलेलं नव्हतं, तो म्हणाला, हो सर.

रविवारची दुपार. तातडीची बैठक आटोपून सगळे घरी गेलेले, ऑफिस रिकामं. बाहेर एप्रिलचं चंद्रपूर तापून पांढरं झालं होतं, खिडकीच्या कडेला कोळशाची बारीक भुकटी बसली होती, रोज पुसली तरी रोज बसणारी; आणि सर्व्हरच्या खोलीत एवढा गारवा की दवाखान्यातल्या रुग्णांना कळलं असतं तर ते इथेच भरती झाले असते. निकेश काळ्या पडद्यासमोर बसला. त्याला त्या 'हो सर'चा उच्चार आठवत होता. स्वच्छ होता. पुण्याचा होता. कुठून सुरुवात झाली याची? चंद्रपुरात येण्याआधी पुण्यात नोकरीला लागला तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यानं भाजीवालीला सांबार मागितला होता. आपल्याकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात, हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं. तिनं मोठ्या सद्भावनेनं कोपऱ्यावरचं उडप्याचं हॉटेल दाखवलं. तो खरंच तिकडे गेला, आणि लाजेनं इडली-सांबार खाऊन, कोथिंबिरीशिवाय खोलीवर परतला. ते हसण्यासारखं होतं, तोही पुढे हसून सांगे. 'मले'चं तसं नव्हतं. बैठकीत तो म्हणाला, मले वाटते, आणि समोरच्या मुलीच्या चेहऱ्यावर कौतुक आलं. हसू आलं असतं तर चाललं असतं. कौतुक आलं, कुत्र्यानं हात पुढे केल्यावर येतं तसं. त्या रात्री त्यानं ठरवलं, एवढा एक शब्द बदलायचा. फक्त 'मले'च्या जागी 'मला'. बाकी आपण आहोत तसेच. एका शब्दानं काय होतं?

पण 'मला' एकटा आला नाही. 'मला वाटते' म्हणता येईना, 'मला वाटतं' म्हणावं लागलं. 'काऊन' गेलं, 'का' आलं. 'करून राह्यलो' हे त्या शब्दाशेजारी बसेना. आईला चारचौघांत 'माय' म्हणणं थांबलं. मग आडनाव विचारलं की उत्तराआधी एक बारीकसा थांबा येऊ लागला, जो आधी नव्हता. आवतनाची सुपारी दिली होती एका पाहुण्याला, आणि दारात अख्खी वरात उभी. लग्न ठरलं तेव्हा होणारी बायको, दिव्यानी, त्याला म्हणाली होती, तू इकडचा वाटतच नाहीस. आणि दिव्यानी स्वतः चंद्रपूरचीच, ती हे चांगल्या अर्थानं म्हणाली होती. आईशी बोलताना मात्र तो कळ फिरवावी तसा परत फिरे: मले, तुले, नाई, कुठी. त्याला वाटे की तेवढं आपण सांभाळून ठेवलंय, कपाटात वेगळं. आज कळ फिरली नाही. आणि भीती ही होती की ती आज फिरली नाही असं नसेल. ती कधीपासूनच फिरत नसेल, माय नुसतं चालवून घेत असेल.

त्यानं आधी अपडेट केलं. नवशिक्यांना अपडेट आणि अपग्रेड एकच वाटतात. अपडेट म्हणजे नुसती बातमी आणणं, कुठल्या पॅकेजचं काय नवीन निघालंय ती, आणि अपग्रेड म्हणजे बातमीवर विश्वास ठेवून घरात फेरफार करणं. बातम्या आल्या. मग त्यानं आज्ञा टाइप केली, अपग्रेड, आणि पुढे कुलपाच्या पॅकेजचं नाव. एंटर. पडद्यावरून नावं वाहू लागली. एकाखाली एक, ओळींमागून ओळी. तो पाहत राहिला. ही चूक तो दुसऱ्यांना शिकवताना सगळ्यात आधी सांगे: अपग्रेड म्हटलं की लिनक्स सगळ्यांनाच घेतं, पुढे तुम्ही एकाचं नाव लिहा की दहांची, त्यानं काही अडत नाही. एकट्याला वर न्यायचं तर अपग्रेड म्हणायचंच नसतं. इन्स्टॉल म्हणायचं, म्हणजे घरात आधीच राहतोय त्याला नव्यानं बसवायचं, आणि सोबत ओन्ली-अपग्रेडची अट घालायची, म्हणजे घरात नसलेला कोणी आत घुसणार नाही. हे सगळं त्याला पाठ होतं. आणि हातानं काय लिहिलं, तर 'अपग्रेड'. नावं थांबली. आवाजाचा प्रोग्राम त्यांत होता, मधोमध, गर्दीत सापडलेल्या माणसासारखा. खाली प्रश्न होता, पुढे जायचं का. आणि त्यातलं होकाराचं अक्षर मोठ्या लिपीतलं होतं, म्हणजे काही न लिहिता नुसतं एंटर दाबलं तरी तो होकार.

त्याचं बोट एंटरवर होतं. दाबायचं एवढंच. वामनरावांना हेच हवं होतं. उद्या ते खूश झाले असते. ही चूकही नव्हती, हुकूम होता. आईला सांगायचं कामच उरलं नसतं, कारण तिला सकाळी कोण फोन करतं, कोण नाही, याच्याशी देणंघेणं नव्हतं. तिनं कधी विचारलंही नसतं. कोणाचं काही बिघडलं नसतं. फक्त सकाळी रानातल्या घरांमध्ये एक मृदू बाई 'आपण' म्हणाली असती, आणि लोकांनी फोन कापला असता, आणि मग महिन्या-दोन महिन्यांत कोणीतरी पोरगं बैलगाडीत आडवं घालून रस्त्यापर्यंत आणलं असतं. दूर खाणीत दुपारचा स्फोट झाला. खिडकीची काच थरथरली, पाण्याच्या बाटलीत वर्तुळ उठलं, आणि बोटाखालची कळ, दाबलेली नसतानाही, किंचित हलल्यासारखी वाटली. त्यानं हात झटकन काढून घेतला. पाहिलं, प्रश्न तसाच होता. मग त्यानं एका बोटानं नकाराचं अक्षर दाबलं. सगळी वरात जागच्या जागी थांबली आणि पडदा रिकामा झाला.

मग तो शहाण्यासारखा वागला. आधी आवाजाच्या प्रोग्रामवर होल्ड लावला; होल्ड म्हणजे, कोणीही काहीही म्हणो, याला हलवायचं नाही. मग इन्स्टॉल, ओन्ली-अपग्रेड, कुलपाचं नाव, आणि आधी नुसती तालीम, म्हणजे खोटं खोटं करून दाखव, असं. तालमीत कुलूप आलं, त्याच्या हाताला धरून एक सामायिक लायब्ररी आली, ती यायचीच होती, आणि बाकी कोणी आलं नाही. मग खरं. आकडे सरकले, जुनं निघालं, नवं बसलं. भोक बुजलं. मुलींची नावं आत राहिली. एवढ्यावर उठायला हरकत नव्हती, पण त्याला खात्री करायची होती की होल्ड पक्का आहे, म्हणून त्यानं पूर्ण अपग्रेडची पुन्हा एकदा नुसती तालीमच केली. या वेळी यादीच्या वर एक वेगळी ओळ आली. इंग्रजीतली, रोजच्या पाहण्यातली. पण आज ती त्याच्या डोक्यात मराठीतच वाजली: खालील पॅकेजेस मागे ठेवण्यात आली आहेत. आणि पुढे एकच नाव. मागे ठेवण्यात आली आहेत. आपल्या जिल्ह्यांना सरकार मागास म्हणतं, शाळेतल्या भूगोलातही तसंच होतं, आणि तो शब्द ऐकून ऐकून त्याला वाटायचं की मागास हा पाऊस किंवा जंगल यांच्यासारखा इथलाच काही निसर्ग आहे. या यंत्राला मात्र मागासलेले माहीत नव्हते. त्याच्या हिशेबात फक्त मागे ठेवलेले होते, आणि ठेवणारा कोणीतरी होता. इथे तो स्वतः होता. त्यानं आईला मागे ठेवलं होतं. तिच्याच भल्यासाठी, आणि लोकांच्या. ते खरं होतं. ते वाक्य तेवढ्यानं गोड होईना. स्वतःला वर नेताना त्यानं तिला मागे ठेवलं तेव्हा कुठल्या भल्यासाठी ठेवलं होतं?

सामायिक लायब्ररी बदलली होती. आवाजाचा प्रोग्राम त्याच लायब्ररीवर उभा होता. वर उभ्या माणसाला न हलवता खालचा पाट बदलला होता. तोल गेला आहे की नाही हे एकच गोष्ट सांगू शकत होती: चाचणीचा फोन. प्रोग्राम नंबर मागतो, त्यावर रेकॉर्डिंग वाजवतो, आणि हेडफोन लावून दोन्हीकडचं ऐकता येतं. ऐकताच येतं, बोलायची सोय त्यात नाही, कारण यंत्राच्या आणि रुग्णाच्या मध्ये बोलायला तिसरा कशाला. चाचणीसाठी तो नेहमी आपलाच नंबर देई. आज बोटांनी दुसरा दिला. मनाला विचारून दिला असं म्हणता येणार नाही. घंटा वाजू लागली तेव्हा त्याला कळलं की मुलचेऱ्याकडच्या एका घरात, परसात वाळत घातलेल्या मोहफुलांच्या वासात, ती वाजते आहे.

तिनं उचलला. हॅलो म्हणाली नाही; रीताच्या शिकवणीप्रमाणे, समोरच्यानं आधी बोलावं म्हणून गप्प राहिली. आणि समोरून गुणाबाईच बोलली.

"बाबू, गोली घेतली का? नाई घेतली तं आत्ताच घे, माह्यासमोर. घेतली असन तं एक दाब. खोटं नोको दाबू."

आवाज जसाच्या तसा होता. कुठे घसरला नव्हता, कापला नव्हता. पॅकेज चालत होतं. निकेशनं हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले. तिकडे श्वास ऐकू येत होता, म्हातारा, जरासा शिट्टी वाजणारा, जो रेकॉर्डिंगमधल्या श्वासात नव्हता. आता कापेल, असं त्याला वाटलं.

"निकेश," ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली; ते 'बाबू' तिनं एकालाच म्हटलं होतं. "तू होय नं?"

त्याच्यासमोर पडदा होता, कीबोर्ड होता, माइक नव्हता. तरी तो म्हणाला, हो माय. मी होय. खोलीत त्याचाच आवाज त्याला ऐकू आला, कुठल्या भाषेतला हे त्या क्षणी त्यानं पाहिलं नाही.

"आगा बोल नं. सकाऊन एक जन तुहं नाव घेऊन बोलून राह्यला होता. मी कापला त्याचा. आवाज तुह्यासारकाच होता गा, म्हनून भेव वाटलं." ती थांबली. "तुले काई झालं तं नाई?"

उत्तराची वेळ संपली, आणि यंत्रानं ठरल्याप्रमाणे तिला पुन्हा दटावलं. आयकून राह्यला का, बाप्पा? दाब नं एक.

"दाबतो, दाबतो," गुणाबाई त्या गुणाबाईला म्हणाली, जरा ओशाळून, आणि मग, फोन तोंडापासून दूर धरून अंक शोधता शोधता, हळू आवाजात: "कोनती गोली चालू हाय तुही? मले काऊन नाई सांगतलं?"

एक दाबल्याचा बारीक सूर आला. यंत्राचं समाधान झालं, त्यानं फोन ठेवला. पडद्यावर चाचणी यशस्वी असल्याचं आलं, आणि नंबरापुढे हिरव्या रंगात उत्तर: घेतली.